खिळ्यावरचा टॅब्लेट

मी बोलतोय. मला चार्जिंग नको, पासवर्ड नको, फक्त अधूनमधून जरा धूळ पुसा म्हणजे झालं. मी दिसायला टॅब्लेट आहे, पण आतून-बाहेरून लाकूड. एका जुन्या कपाटाच्या फळीतून माझा जन्म झाला. आणि तरीही पंचवीस लाख माणसांनी मला खरा टॅब्लेट समजून डोळे फाडफाडून पाहिलंय. कपाटातल्या माझ्या बाकीच्या भावंडांच्या नशिबी अजून चादरीच आहेत.

आमच्याकडे चामड्याची कव्हरं शिवतात. कारखाना म्हणायचा एवढंच, खोल्या दोन: एकीत कापायचं, दुसरीत शिवायचं. मालक कापतात, त्यांची बायको शिवते, आणि तिचा भाऊ तयार माल दुकानांत पोचवतो. मालकांचे वडील जन्मभर सुतारकाम करून आता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात आणि कोणी विचारलं नाही तरी सल्ला देतात. मला त्यांनीच घडवलं, म्हणून मी त्यांना सुतारबाबा म्हणतो.

झालं असं की, एक मोठी कंपनी लहान आकाराचा टॅब्लेट आणणार होती. तो कसा असेल हे कंपनी सोडून सगळं जग सांगत होतं. ज्याची कव्हरं पहिल्याच दिवशी दुकानात हजर, त्याची चलती. म्हणून मालक जेवताना एका हाताने घास घ्यायचे आणि दुसऱ्याने बातम्या चाळायचे. एक जाणकार म्हणायचा बटण वर असणार, दुसरा म्हणायचा डावीकडे, तिसऱ्याच्या मते बटणच नसणार. लांबी तिघांची तीन. मालकांनी मधली धरली, बटणासाठी सगळीकडे जागा सोडली, आकृती काढली आणि वडिलांना म्हणाले, असा एक ठोकळा करून द्या.

सुतारबाबांनी चष्मा पुसून कागद उलटसुलट पाहिला.

"हे यंत्र कोणी पाहिलंय का?"

"अजून कोणीच नाही."

"मग एवढं नक्की कसं सांगतात?"

"बाबा, यातलं तुम्हाला नाही कळायचं."

सुतारबाबांनी रंधा हातात घेतला. दोन दिवस मला तासलं, घासलं, कोपरे गोल केले, काळं पॉलिश चढवलं. कोणी न पाहिलेल्या वस्तूची इतकी हुबेहूब नक्कल झाली, की मलाच माझा अभिमान वाटायला लागला. मालकांनी मला कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, माप घेतलं आणि कापायचा साचा करायला टाकला.

त्यानंतर सुतारबाबांनी ते केलं, जे ते चाळीस वर्षं प्रत्येक वस्तूचं करत आले होते. गिरमिट घेऊन माझ्या वरच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि मला खिळ्याला अडकवून टाकलं. त्यांची करवत खिळ्यावर, काटकोन बघायचा गुण्या खिळ्यावर, चपलासुद्धा खिळ्यावर. खाली ठेवलेली वस्तू सापडत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराला आकार दाखवायचा म्हणून मेहुण्याने मला पिशवीत टाकलं. मेहुणा माणूस वाईट नाही, पण त्याला मोठेपणाची भारी हौस. बसमध्ये त्याने मला मांडीवर ठेवून फोटो काढला, मित्राला पाठवला आणि खाली लिहिलं, "आलाय." बस खड्ड्यातून गेल्यामुळे फोटो पार धूसर आला होता. तिथेच घात झाला. स्वच्छ फोटोवर लोक शंभर शंका काढतात, पण धूसर फोटो म्हणजे जिवावर उदार होऊन काढलेला खरा फोटो.

संध्याकाळी मेहुण्याने मला परत खिळ्यावर टांगलं, तोवर मी जगभर पोचलो होतो. जाणकारांनी माझ्या लाकडाच्या रेषांना 'धातूवरची नवी नक्षी' म्हटलं. भोकाला कोणी भोक म्हणेना, त्याचं 'छिद्र' झालं. एकाच्या मते तो दुसरा कॅमेरा होता, दुसऱ्याच्या मते ताप मोजायची सोय, आणि तिसऱ्याने तर माझं रंगीत चित्र काढून मला हवेत गरागरा फिरवलं. फक्त एका माणसाने लिहिलं, "खिळ्याला अडकवायला असेल." त्या बिचाऱ्याची इतकी टर उडवली की विचारू नका. तो नक्की सुतार असणार.

इकडे मालक हर्षाने वेडे व्हायचे बाकी होते. फोटोतली लांबी-रुंदी आपल्या मापाशी तंतोतंत जुळतेय, म्हणजे आपला अंदाज अचूक, असं ते घरभर सांगत सुटले. जुळणारच की! आपण मात्र छिद्र धरलं नव्हतं, ते आता कव्हरात हवं, असं म्हणून त्यांनी घरातलं सगळं चामडं कापायला काढलं.

सगळं म्हणजे सुतारबाबांच्या सूनबाईचंसुद्धा. मऊ, तपकिरी, एकेक तुकडा हाताने चाचपून तिने ते जमवलं होतं. दोन वर्षं दुसऱ्यांच्या मापाची कव्हरं शिवून तिला आता स्वतःच्या मनासारख्या पिशव्या करायच्या होत्या. एका दुकानाने नमुनेही मागितले होते. तिचा चेहरा पाहून माझा जीव तुटला.

सुतारबाबांनी मला खिळ्यावरून काढलं आणि फोटोशेजारी धरलं.

"अरे, हे माझं भोक आहे."

मालकांनी मला पाहिलं, फोटो पाहिला, परत मला पाहिलं. क्षणभर वाटलं, पटलं. मग ते मेहुण्याकडे वळले. "हा फोटो तू काढलास?"

मेहुण्याने बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. "छे हो दाजी, मी कशाला?"

माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं असतं तर त्याच वेळी बोंब ठोकली असती! मालकांनी सुस्कारा सोडला आणि वडिलांना समजावलं, की बाबा, फोटोतला धातूचा आहे, तुमचा लाकडाचा आहे, आणि पंचवीस लाख लोक काय वेडे आहेत? मालकांना खरं नको होतं, जुळणारं हवं होतं.

सूनबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "कापा. पण ते भोक मी पाडणार नाही. तुमच्या हाताने पाडा."

मालकांनी तीन दिवस बसून प्रत्येक कव्हराला भोक पाडलं. सुतारबाबा तेवढे दिवस बाहेरच्या पायरीवर बसून राहिले.

मग खरा टॅब्लेट आला. माझ्यापेक्षा दोन बोटं लांब, निम्म्या जाडीचा, आणि कोपऱ्यात भोकाचं नाव नाही. मालकांनी तो कव्हरात घालून पाहिला, तिरका करून पाहिला, श्वास रोखून पाहिला. टॅब्लेट काही आत जाईना. जाणकारांची मात्र एका रात्रीचीही झोप उडाली नाही. सकाळी त्यांनी लिहिलं, कंपनीने छिद्राचा बेत ऐनवेळी रद्द केला, पुढच्या वर्षी ते नक्की येणार.

मालकांनी ती बातमी वाचली आणि पहिल्यांदाच मोबाइल पालथा ठेवला. खूप वेळ कव्हरांच्या ढिगाकडे बघत बसले. मेहुण्याला ते बघवेना. त्याने बहिणीपुढे सगळं कबूल केलं.  ती उठली, दोन कव्हरं एकमेकांना पाठमोरी शिवली, दोन्ही भोकांतून एक पट्टा ओवला आणि ती पिशवी खांद्याला लावून नवऱ्यासमोर उभी राहिली. तिच्या मनातल्या पिशवीपेक्षा ती फारच लहान होती. पण होती तिची.

मालक मान खाली घालून म्हणाले, "चला, भोक कामाला आलं म्हणायचं."

सुतारबाबा म्हणाले, "अरे, ते अडकवायलाच होतं."

त्यावर मालक हसले की रडले, ते मला वरून नीट दिसलं नाही.

आता मेहुणा दिवसभर मुकाट्याने त्या भोकांतून पट्टे ओवतो. दुकानाने नमुने ठेवून घेतलेत, पुढचं पुढे. परवा मेहुण्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, याहून लहान टॅब्लेट येतोय म्हणे. त्याची नजर माझ्याकडे वळली. सुतारबाबांनी उठून माझं तोंड भिंतीकडे केलं.

तेव्हापासून मी असा भिंतीला नाक लावून आहे, आणि खरं सांगू, सुखात आहे. तुमच्यापुढे कधी एखादा धूसर फोटो आला तर सुतारबाबांचा प्रश्न तेवढा विचारा: हे कोणी पाहिलंय का? आणि पाहिलेला माणूस तुमच्याच घरात, तुमच्याच कोपऱ्यात स्टुलावर बसलेला असेल, तर एकदा त्याचं ऐका. मला मात्र खाली काढू नका. मी जिथे असायला हवा तिथेच आहे.