मापाचा ब्लाउज

गळा

"श्रुतिका, माझो मापाचो ब्लाउज खंय गेलो गो?"

आईचा आवाज आतल्या खोलीतून आला आणि श्रुतिकाच्या हातातली सुई थांबली. काही घाबरायचं कारण नव्हतं. मापाचा ब्लाउज तिने मुद्दाम बाजूला ठेवला होता. घरातले जुने ब्लाउज कापायला घेताना तो मरून ब्लाउज तिने स्वतः उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला होता. तेवढी अक्कल तिला होती.

"वरच्या फळीवर आहे बघ. मरून."

"तो नाय. शेवाळी."

"शेवाळी?"

"चंद्रप्रकाशने शिवलेला. ऑपरेशननंतरचा. आत पॅड ठेवायला कप्पा आहे ना, तो."

कप्पा.

सुई बोटात गेली.

"बघते हां," ती ओरडली आणि उठली. कपाट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. पलंगाखालची ट्रंक ओढली. शिलाई मशीनमागे वाकून बघितलं, जणू तिथे तो लपून बसलाय आणि तिने हाक मारायची खोटी. तो ब्लाउज आता ब्लाउज नव्हताच. गेल्या रविवारी पार्ल्याच्या प्रदर्शनात तो पर्स म्हणून विकला गेला होता.

पाठ

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत श्रुतिकाचा धंदा पसरलेला. जुन्याचं नवं करायचं. बोहारीण शांताबाई भांड्यांच्या बदल्यात घरोघरचे कपडे गोळा करायची आणि बाजारात जायच्या आधी पोतं श्रुतिकाच्या दारात उपडं करायची. जीन्सच्या झोळ्या व्हायच्या, साड्यांच्या काठांचे हेअरबँड, शर्टांच्या कॉलरची गळ्यातली. आणि ब्लाउजच्या पर्स. हुक पुढे, पाठीचा गोल गळा झाकणाला. लोक वेडे व्हायचे.

मापाचा ब्लाउज म्हणजे घरातला सगळ्यात विटका ब्लाउज. अंगाला चोख बसतो म्हणूनच अंगात घालायचा नाही. शिंप्याकडे जायचा, पिशवीतून परत यायचा, एवढंच त्याचं आयुष्य. श्रुतिकाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण आईचं माप बदललंय, हे तिला सुचलंच नाही.

छातीची डावी बाजू काढली, घरात सगळे त्याला नुसतं ऑपरेशन म्हणाले, आई बरी झाली. त्यानंतर ती कडी लावून कपडे बदलायची. आतले कपडे टॉवेलखाली वाळत घालायची. श्रुतिकाने कधी टॉवेल उचलून बघितला नाही. शेवाळी ब्लाउजचं डावं अस्तर दुहेरी आहे, त्याला वरून तोंड आहे, हे मात्र तिने लगेच बघितलं. म्हणाली, वा, आयता कप्पा! त्याचा व्हिडिओसुद्धा टाकला. "आत बघा, सीक्रेट पॉकेट!"

बाही

"मिळाला काय गो?"

"खाली जाऊन येते. शांताबाईच्या पोत्यात गेला असेल चुकून."

"बोहारणीक दिलंस?" आई दारात आली. हातात नवी साडी, घडी मोडलेली. "अगो, सुयोगचं लग्न पुढच्या आठवड्यात. माझ्या दादाचे किती फोन झाले, आत्या नाही तर हळद कोण लावणार म्हणून. कोपऱ्यावरची ती नवी टेलरीण म्हणाली, मापाचा द्या, हातही लावणार नाही तुम्हाला. म्हणून मी हो म्हटलं. नायतर मी कुठे जाते?"

"आणते ना."

"चंद्रप्रकाशचीच बायको होती, पडद्यामागे माप घेतलंन. तिच्यापुढे एकदा उभी राहिले. दुसऱ्या कुणापुढे उभी राहणार नाही मी, सांगून ठेवते."

श्रुतिका चप्पल घालत होती. उजवी डाव्या पायात.

बाहीचा तुकडा, दुसरा

घाटकोपरला रिक्षा. एलबीएस रोड तुंबलेला, मेट्रोच्या खांबाखाली सगळं जग हॉर्न वाजवतंय. पर्स घेणारी अनुपमा नेहमीचं गिऱ्हाईक, तिला मेसेज केला: घरी आहेस? येते. मग वाटलं, उतरून चालावं. उतरली. मग वाटलं, मूर्खपणा आहे. दुसरी रिक्षा केली.

अनुपमाने दार उघडलं. "अगं, तू होम डिलिव्हरी पण करतेस?"

"पर्स परत हवीय. शेवाळी."

"परत? विकलेला माल मागायला येणारी तू पहिलीच यार."

"दुसरी घे. दोन घे. कुठल्याही."

"पण मला हीच आवडते! हा आतला कप्पा बघ ना, इअरफोन एकदम फिट बसतात. काय डोकं लावलंयस!"

"ते डोकं टेलरचं. ब्लाउज आईचा होता."

अनुपमाचा चेहरा एकदम पडला. "अय्यो. आई गेली का गं?"

"नाही गं! घरी आहे. शोधतेय."

अनुपमा हसायला लागली, पण श्रुतिकाचा चेहरा बघून तोंड मिटलं. चप्पलांच्या स्टँडवरच तिने पर्स उलटी केली. इअरफोन, किल्ल्या, एक अर्धवट खाल्लेलं चॉकलेट.

"घे बाई. आणि आईंना सॉरी सांग माझ्यातर्फे. का ते मला माहीत नाही, पण सांग."

कात्रण

परतीच्या रिक्षात तिने मांडीवर पर्स उसवली. टाके स्वतःचेच, घट्ट. एवढे घट्ट कशाला घालतेस, मुली? अस्तर निघालं, झाकण निघालं. कप्प्याचा डावा भाग शाबूत. बाजूच्या शिवणी कापलेल्या, काखा नाहीत, खांद्याचा पट्टा झालेला. काखेचे तुकडे रविवारीच सोसायटीच्या कचऱ्यात गेलेले. हा भाग त्या भागाला लावून बघितला. तो ह्याला. कशातूनही आई होत नव्हती.

"नाहूरला घ्या," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

चंद्रप्रकाशचं दुकान होतं त्या जागी पत्रे ठोकलेले, आत इमारत पाडून झालेली. फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. खड्डा, त्यात पाणी. चंद्रप्रकाश बायकोसकट गावी गेला म्हणाले शेजारचे. कुठलं गाव? यूपीतलं. यूपीत कुठे? यूपीत, ताई.

डावी बाजू

तुकडे तिने आईपुढे पलंगावर ठेवले. एकेक. काही बोलायच्या आधी सगळे ठेवले. मग सांगितलं: पर्स, अनुपमा, चंद्रप्रकाशच्या जागचा खड्डा.

आईने शिव्या दिल्या नाहीत. तेच वाईट. साडीची घडी घालायला लागली, घडी नीट बसेना, परत उलगडली.

"दादाला कळव. ताप आलाय म्हणून."

"आई, आपण टेलरणीला..."

"नाय म्हटलं ना."

"मी घेते माप."

"तू?" आई उठली, खिडकीशी गेली, परत आली. "तू पिशव्या शीव. जगाच्या फाटक्याचं सोनं कर. माझं एक धड होतं, त्याचं..." पुढचं तिने गिळलं. मग तिने कप्प्याचा तुकडा उचलला, त्यात बोटं घातली. "हे कशासाठी वाटलं होतं तुला?"

"मोबाइलसाठी."

"मोबाइल."

"लहान मोबाइल."

"आणि त्या बाईने काय ठेवलेलं?"

"इअरफोन."

आईच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. श्रुतिका दचकली, रडते की काय. आई हसत होती. तोंडावर साडी दाबून, खांदे हलवत. "मेल्यांनो," ती म्हणाली, "माझ्या छातीत गाणी घातलीत." मग हसू थांबलं आणि ती तशीच उभी राहिली, आता कुठे जायचं ते न कळल्यासारखी.

श्रुतिकालाही कुठे जायचं ते कळेना. मशीनपाशी गेली, ड्रॉवर उघडला, बंद केला.

"मला बघायला काही वाटणार नाही," ती मशीनकडे तोंड करूनच बोलली.

"तुला नाही वाटणार. मला वाटेल. तू माझ्याच दुधासाठी रडलेली पोर आहेस."

श्रुतिकाने ड्रॉवर परत उघडला. तळमजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"शिवणार कोण?" आईने अचानक विचारलं. "नुसत्या आकड्यांवर ती टेलरीण काय शिवेल? ढगळ करून ठेवील."

"मी शिवते."

"कधी ब्लाउज शिवलायस?"

"नाही."

"बिघडला तर?"

"उसवू. परत शिवू. परत बिघडला तर परत."

"आणि मी दर वेळी तुझ्यापुढे..."

"हो."

आईने साडी पलंगावर टाकली. घडी न घालताच. दाराला कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि पाठ करून हुक काढायला लागली. श्रुतिकाने टेप घेतला. दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"लाइट कशाला घालवतेस?" आई पाठमोरीच म्हणाली. "आधीच कात्री चालवून बसलीस. आता अंदाजाने नको."

आणि ती वळली.