एका वाक्यासाठी अडलेला खंड

आमच्या सासूबाई मराठी बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करतात. त्यांचा नियम असा, की प्रत्येक शब्दाला एक वाक्य हवं आणि ते खरोखर कुणीतरी बोललेलं हवं. मागून घेतलेलं चालत नाही. कार्डाच्या तळाशी तारीख आणि बोलणारा कोण ते: नर्स, शिंपी, धाकटा दीर. आमच्या घरात जेवताना तोंड उघडायची चोरी.

त्यांची कार्डं टाइप करायचं काम माझं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांची वाचण्यापुरती नजर फार तर दोन महिने. राहून गेलेल्या शब्दांचा शेवटचा खंड स्वतः वाचायचा, एवढीच त्यांची इच्छा. छापखान्याला सहा आठवडे लागणार होते आणि एक कार्ड अडलं होतं. इनकम्प्लीट.

शब्दाचं मूळ लिहून झालं होतं. लॅटिनमध्ये भरण्याचं क्रियापद, त्याला काठोकाठपणा देणारा उपसर्ग आणि त्याच्याही आधी नकार.

"म्हणजे अर्धवट," मी म्हणाले.

"अर्धवट म्हणजे मध्येच सोडलेलं. हे भरत आणलंय गं, काठाला पोचलं नाही इतकंच."

साठ वर्षं एकेका शब्दाशी असं बसायचं, मला तर दुसऱ्या दिवशीच वेड लागलं असतं.

पण वाक्य मिळेना. तीन दिवस गेले. एरवी सगळे येताजाता बोलतात हा शब्द, नेमके तेव्हाच सगळ्यांच्या जिभेला कुलूप. चौथ्या दिवशी मी सरळ थाप मारली. 'माझं काम इनकम्प्लीट आहे. शिंपी, मंगळवार.'

त्यांनी कार्ड नाकाला लावून वाचलं.

"हे शिंपी बोलला?"

"हो."

"शिंपी म्हणेल, बटणं तेवढी राहिलीत." कार्ड फाडून त्यांनी टोपलीत टाकलं.

माझं डोकंच फिरलं. "आई, एका ओळीपायी अख्खा खंड इनकम्प्लीट पडलाय, आणि तुमचे डोळे काय तुमच्यासाठी थांबणार आहेत?"

बोलले आणि जीभ चावली. सासूला असं कुणी बोलतं का?

त्यांनी शांतपणे कोरं कार्ड घेतलं. ओळ तिरकी उतरत गेली. "अख्खा खंड इनकम्प्लीट पडलाय... पुढे काय म्हणालीस? डोळे?"

"ते जाऊ द्या ना, आई."

"वाक्य तोडायचं नाही."

त्यांनी सगळं लिहिलं, तारीख घातली आणि संध्याकाळच्या आत कार्ड छापखान्यात गेलं.

खंड आला तेव्हा त्यांना भिंगाखालीसुद्धा जेमतेम दिसत होतं. त्यांनी तेच पान काढायला लावलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत माझं वाक्य शेवटपर्यंत वाचलं, त्याखालचं 'सून'सुद्धा. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"आता बाकीचं तू वाचून दाखव," त्या म्हणाल्या.