टिल्लूचं माप

"अहो, उठा जरा. असे पाठमोरे उभे राहा. आणि हात खाली सोडा, माप चुकतं."

बायकोच्या हातात टेप होती आणि मिस्त्रींच्या हातात चहाचा कप. मिस्त्रींनी कप खिडकीत ठेवला आणि शहाण्या मुलासारखे उभे राहिले. मनातून मात्र हरखले होते. दर थंडीत ही बाई घरादारासाठी स्वेटर विणायची. थोरल्या लेकीसाठी, जावयासाठी, एकदा तर वरच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या मांजरासाठीही तिनं काहीतरी विणलं होतं. नवऱ्यासाठी कधी नाही. लग्न झालं तेव्हा मिस्त्री एकदा म्हणाले होते, लोकर मानेला टोचते. बायकांना नवऱ्याची नको ती वाक्यं बरोबर लक्षात राहतात.

"रंग गडद घे हं," मिस्त्री म्हणाले. "ग्रीसचे डाग दिसत नाहीत."

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. "आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं, आपण आहोत तिथेच," हा त्यांचा ठरलेला विनोद होता. तो घरात इतक्यांदा झाला होता की आता जावईसुद्धा हसत नसे. सासऱ्याच्या विनोदाला हसणं हे ज्याचं कर्तव्य, त्यानंच हात टेकले म्हणजे विनोदाची काय गत झाली असेल बघा.

बायकोची टेप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे जाता जाता मध्येच थांबली.

"तुमच्यासाठी नाही," ती हळूच म्हणाली. "यंदा शेजारचा लंब्या नाही ना इथे. नोकरी लागली त्याला, लांब गेला. मग मापाला कोणाला उभं करणार?"

चहावर साय धरली होती, मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले.

"बाही थोडी लांब धरते," ती म्हणाली. "तो तुमच्याहून किंचित उंच झाला असता. माझ्या भावांवर गेला होता."

तो म्हणजे टिल्लू, त्यांचा मुलगा. टिल्लू चार वर्षांचा होऊन गेला. अशाच थंडीत त्याला ताप आला आणि तो उतरलाच नाही. तापात तो कोणाकडेच राहायचा नाही, फक्त बापाच्या छातीवर झोपायचा. डोकं खांद्यावर, पाय पोटाशी. मिस्त्री त्याला तसंच घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरही किती तरी वेळ त्यांनी हात सोडले नव्हते. त्या वेळी बायकोच्या सुयांवर टिल्लूचा स्वेटर अर्धा झाला होता. तो पुढे कुठे गेला ते मिस्त्रींनी कधी विचारलं नाही.

पुढच्या थंडीत तिनं परत सुया काढल्या. पाच वर्षांच्या पोराचा स्वेटर विणला आणि गावाच्या टोकाला अनाथ मुलांचं बालगृह होतं तिथे देऊन आली. शेजारचा लंब्या टिल्लूच्याच वयाचा. त्याला बोलावून तिनं माप घेतलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी सहाचा. मग सातचा. लंब्या वाढत गेला तसा स्वेटरही वाढत गेला. लंब्याला बिचाऱ्याला वाटायचं, काकूंना आपला लळा आहे. होताच म्हणा. पण टेप धरताना काकू त्याच्याकडे बघायच्या त्या नजरेत तो एकटा नसायचा.

यातूनच घरची रीत पडली. वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की पहिल्या दिवशी सगळ्यांनी बालगृहात जायचं आणि मगच घरी येऊन एकत्र जेवायचं. प्रत्येकानं खोक्यात स्वतःचं काहीतरी घालायचं. थोरली पुस्तकं घालायची, जावई चेंडू आणायचा आणि ते निम्मे आधी स्वतः खेळून बघायचा. सगळ्यात वर स्वेटर. पहिल्याच वर्षी बायकोनं बालगृहाच्या बाईंना सांगून ठेवलं होतं, "हा बाहेर कुठे देऊ नका हं. इथल्याच एखाद्या पोराच्या अंगात जाऊ दे." बाईंनी तो शब्द पाळला. जरा जास्तच पाळला.

ते मिस्त्रींना गेल्या थंडीत कळलं. बालगृहातल्या एका लोखंडी कपाटाचं कुलूप अडकलं होतं. लिफ्टवाल्याला कुलूप उघडता येतं अशी लोकांची समजूत असते, आणि ती खोटी ठरवायची मिस्त्रींना लाज वाटते. त्यांनी खटपट करून कपाट उघडलं. आत स्वेटर. एकावर एक, कागदात गुंडाळलेले, डांबरगोळ्यांचा वास येणारे. एकही कोणी घातलेला नव्हता.

बाई ओशाळल्या. "काय करू मिस्त्री, लहान मापाचे पोरांनी घालून संपवले, पण बारा वर्षांची झाली की मुलं इथून दुसरीकडे जातात. एवढ्या मोठ्या मापाचं इथे कोणीच नाही. ताईंना सांगायला जीभ रेटत नाही. दर वेळी विचारतात, गेल्या वर्षीचा कोण घालतं? मी सांगते, तो खेळायला गेलाय."

"नका सांगू," मिस्त्री म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि त्यांनी ते कुलूप असं चोख दुरुस्त केलं की पुन्हा म्हणून अडकणार नाही.

वर्षभर ती गोष्ट त्यांच्या पोटात होती. कितीदा ओठांवर आली. पण सुया चालू असताना बायकोचा चेहरा निवलेला असायचा. तेवढाच काय तो वर्षातला काळ. सांगितलं तर तिचा पोरगा दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी तो आपण नेलेला असेल, असं मिस्त्रींना वाटायचं. म्हणून ते गप्प राहिले आणि मापाला उभे राहिले.

सुट्ट्या लागल्या. थोरली आणि जावई आले. यंदाचा स्वेटर निळा होता, छातीवर पीळ घातलेला, भारदस्त. जावयानं तो अंगाला लावून पाहिला आणि म्हणाला, "आई, मलाच द्या की हा." थोरलीनं त्याच्या पायावर पाय दिला. जावई चांगला माणूस, पण कुठे काय बोलू नये हे त्याला नेहमी बोलून झाल्यावर कळायचं.

बालगृहाच्या दालनात मुलं ओळीनं बसली होती. खोकं उघडलं, चेंडू उडाले, एकच कल्ला झाला. बाईंनी निळा स्वेटर दोन्ही हातांनी घेतला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "वा ताई, हात आहे तुमचा!" मिस्त्री जमिनीकडे बघत होते.

बायकोचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. कोपऱ्यात भिंतीला टेकून एक लहानगा उभा होता. कोणा मोठ्या माणसाचा सदरा त्याला घातला होता, त्याच्या बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी गाठोडी झाली होती. वरून टॉवेल गुंडाळलेला. ओठ काळेनिळे पडले होते.

"याच्या अंगात स्वेटर का नाही हो?"

"परवाच आलाय ताई. चार वर्षांचा आहे. एवढ्या लहान मापाचं काही शिल्लकच नाही. लोक देतात ते सगळं मोठं असतं."

"मोठ्या स्वेटरचं तर कपाट भरलंय!" पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी उत्साहानं म्हणाली. "आम्ही लपाछपी खेळतो तेव्हा त्याच्यामागे लपतो. त्या कपाटाला हात नाही लावायचा. ते ताईंच्या मुलाचे आहेत."

चेंडूचे आवाज तेवढे येत राहिले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"किल्ली द्या," बायको म्हणाली.

कुलूप एका फिरकीत उघडलं. मिस्त्रींना आपल्या कामाची एवढी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. बायकोनं एकेक स्वेटर बाहेर काढला, कागद सोडवला आणि टेबलावर ठेवला. मग मान न वळवता तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून. अगं, मी..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एक तपकिरी स्वेटर उचलला आणि त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "हा सातवीतला," ती म्हणाली. "त्या वर्षी एकदम उंच झाला होता. बाही दोनदा उसवून वाढवली मी." मग हिरवा घेतला. "हा घालायचा नाही म्हणून भांडला असता. हिरवा आवडला नसता त्याला. पण लोकर तेवढीच मिळाली."

इतकी वर्षं मिस्त्रींना वाटत होतं की पोरगा फक्त तिच्या सुयांवर वाढतोय. तो शाळेत जात होता, भांडत होता, त्याला हिरवा रंग आवडत नव्हता, हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. आपण त्याचे बाप, आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही, या विचारानं त्यांना रडू फुटलं. थोरली तर आधीच तोंड फिरवून उभी होती.

बायकोनं परत त्या कोपऱ्यातल्या पोराकडे पाहिलं.

"इथे पोरं कुडकुडतायत," ती म्हणाली, "आणि मी कपाट भरत बसले." मग जावयाला म्हणाली, "ते खोकं रिकामं झालंय ना? हे सगळे त्यात भरा. घरी न्यायचेत." अंगावरची शाल काढून तिनं त्या पोराला गुंडाळली आणि तशीच, अंगावर काही न पांघरता थंडीत बाहेर पडली.

घरी आल्यावर ताटं मांडली होती तशीच राहिली. तिनं कात्री मागितली. पहिला यंदाचा निळाच घेतला. बाजूची शिवण कापली, बाह्या सुट्या केल्या, गळ्याशी एक धागा शोधला आणि ओढला. महिनाभर विणलेलं सरसर सुटायला लागलं.

"आई, हा तरी राहू दे," थोरली म्हणाली.

"कोणासाठी?"

थोरलीनं सुट्या बाह्या उचलून बाजूला ठेवल्या.

"बसा समोर," ती नवऱ्याला म्हणाली. मिस्त्री बसले आणि दोन्ही हात पुढे धरले. तिनं त्यांच्या हातांभोवती लोकरीची लड गुंडाळायला सुरुवात केली. उसवलेल्या लोकरीला अजून टाक्यांचे वळसे होते, लहान पोराच्या केसांसारखे. थोरली एकेक लड कोमट पाण्यातून काढून दोरीवर टाकत होती. वळसे जावेत म्हणून खाली वजन हवं होतं, तर जावयानं सासऱ्याचे लोखंडी पाने आणि स्क्रू ड्रायव्हर आणून बांधले. त्या सुट्टीत घरात दुसरं काही झालं नाही. पाहुणे आले ते दोरीखालून वाकून आत आले. बायको नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. "हात वर." "ढिला सोडू नका." त्यांनी एकदा "चुकलं माझं" म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "धागा सुटेल, नीट धरा."

लोकर वाळली. सुट्टी संपत आली होती. बायकोनं निळ्या लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला आणि बारीक सुया काढल्या.

"अगं, त्या पोराचं माप घ्यायचं राहिलंच की," थोरली म्हणाली. "बाईंना फोन करून विचारू?"

"नको."

मिस्त्रींनी मान वर केली. या घरात पाचाचं झालं, दहाचं झालं, वाढत वाढत त्यांच्याहून उंच माणसाचंही झालं. चाराचं माप मात्र त्या थंडीनंतर तिनं कधी सुयांवर घेतलं नव्हतं. आता ती भराभर टाके घालत होती, मोजतही नव्हती. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून लोकरीवर पडत होतं, तरी हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाठ आणि पुढची बाजू तयार झाली. जावई सामान बांधत होता, थोरली पाण्याची बाटली शोधत होती. बायको उठली.

"अहो, उभे राहा."

मिस्त्री सवयीनं पाठमोरे उभे राहिले.

"असे नाही. माझ्याकडे तोंड करून."

तिच्या हातात टेप नव्हती. तिनं तो एवढासा निळा तुकडा त्यांच्या छातीवर ठेवला. वरची कड खांद्याशी लावली आणि खालची कड कुठे येते ते पाहिलं. ती बरोबर त्यांच्या पोटाशी आली, जिथे छातीवर झोपलेल्या टिल्लूचे पाय यायचे.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

मिस्त्रींचे दोन्ही हात आपसूक वर आले आणि त्या लोकरीवर घट्ट मिटले.

माप चुकतं, हात खाली सोडा, असं ती या वेळी म्हणाली नाही.