मोकळा पट्टा

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, वनसमितीचे अध्यक्ष झाले तेव्हापासून त्यांची मान जरा ताठच राहते. मी त्याच समितीच्या तोडणी टोळीची मुकादम. मला वाकूनच काम करावं लागतं.

मागे एकदा वणवा डोंगरावरून उतरला तो थेट वस्तीतल्या शेवटच्या घराच्या कुंपणाला भिडला. ते घर आमचं. आत सासूबाई, कमरेतून अधू, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना पाठीवर घेऊन मी पळाले. भावजी शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून टीव्हीवर धूर पाहत होते.

त्यानंतर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका टेबलाशी आली: वनखातं, लाकूड गिरणीवाला आणि एक फांदीही तोडू न देणाऱ्या निसर्गमंडळाच्या बाई. वर्षभर भांडून त्यांचं एकमत झालं. सरकारी जंगलात दाटीनं वाढलेली बारकी झाडं काढायची, मोठी राखायची आणि घरांच्या वरचा एक पट्टा साफ मोकळा ठेवायचा, म्हणजे आग तिथे उपाशी मरेल. तो पट्टा माझ्या टोळीनं केला. हाताला घट्टे पडले, पण सासूबाईंना झोप लागायला लागली.

आता या कामाला मिळणाऱ्या सरकारी मदतीची मुदत संपत आली होती. ती वाढवायची की नाही, हे ठरवायला सचिव येणार होते. जंगल वाचवायला झाडं तोडावी लागतात, एवढं एक वाक्य त्यांना सांगायची भावजींची छाती होईना. मोकळी जमीन पाहून साहेब बिथरतील म्हणून त्यांनी पट्ट्याच्या मधोमध खड्डा खणवला आणि साहेबांच्याच हातून रोप लावून घेतलं. वर भाषण करून साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. बाई आणि गिरणीवाला मूग गिळून उभे. मी तोंड उघडलं, तर मला खुर्च्या आणायला पिटाळलं.

मदत वाढवून मिळाली. अट एकच: हा उजाड पट्टा रोपांनी भरून काढावा. आगीतून फुफाट्यात पडणारे मी पुष्कळ पाहिलेत. फुफाट्यातून अर्ज करून आगीत जाणारे आम्हीच.

भावजी आदेश घेऊन घरी आले आणि आईच्या पलंगाशी बसून मला सांगायला लागले, की उद्यापासून टोळीला खड्डे खणायला लावा, सगळा डोंगर कसा हिरवागार होईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खणते," मी म्हणाले. "आधी आईंना तुमच्याकडे न्या."

भावजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"वहिनी, आमचा फ्लॅट तो केवढासा. त्यात लिफ्टही नाही."

सासूबाई सगळं ऐकत होत्या. लेकावरची नजर न काढता त्या मला म्हणाल्या, "अध्यक्षांना चहा दे गं. पाहुणे आहेत ते."

मी चहा दिला आणि कप भावजींच्या हातात ठेवतानाच सांगितलं, की उद्यासाठी दुसरी मुकादम बघा.