इंदुताईंचे हातमोजे

इंदुताई पारधे यांच्या हातून कधी काही चुकत नसे, आणि हे त्या स्वतःच सांगत. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात त्यांनी चौतीस वर्षे सिस्टर म्हणून काढली. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वॉर्डातल्या चादरींच्या घड्या तपासूनच घरी आल्या. घरी आल्या आणि चर्च हातात घेतले. वेदीवरची फुले, बाकांवरची धूळ, संडे स्कूलच्या पोरांची नखे, सगळीकडे त्यांची नजर. पाळक सौरव नवे होते, वयाने जेमतेम बत्तीस. ते बिचारे उपासनेच्या आधी आपली कॉलर इंदुताईंना दाखवून घेत.

ईस्टरच्या आधी दर गुरुवारी पाळकांनी एक वर्ग घेतला. विषय होता, प्रभूचा शिष्य कसे व्हावे. इंदुताई पहिल्या बाकावर, नवी वही आणि दोन रंगांची पेने घेऊन. प्रत्येक प्रश्नाला त्यांचाच हात वर. चौथ्या गुरुवारी पाळकांनी विचारले, "प्रभू तुम्हाला जवळचे वाटतात का?"

हात सवयीने वर गेलाच. "मी लग्न होऊन आली तेव्हापासून या चर्चमध्ये आहे," इंदुताईंनी सुरुवात केली. मग कमिटी, मग फुले, मग आजाऱ्यांच्या भेटी. सगळे सांगून झाले आणि त्यांच्या लक्षात आले, प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नव्हते.

त्या दिवशी घरी चहा तसाच निवून गेला. जवळचे? प्रभू त्यांना राउंडवर येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांसारखे वाटत. ते येण्याआधी सगळे जागच्या जागी हवे. भीती होती, आदर होता, कामही भरपूर होते. माया नव्हती. सहासष्टाव्या वर्षी हे कळावे याचे त्यांना रडू आले, आणि आपल्यालाही इतरांसारखे प्रभूच्या जवळ जायचे आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच वहीत न लिहिता नुसते मागितले.

पुढच्या वर्गात पाळकांनी पत्र्याचा डबा फिरवला. प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी दरवर्षी पाळक बारा जणांचे पाय धूत. यंदा लोकांनीच एकमेकांचे धुवायचे, आणि कोणी कोणाचे ते चिठ्ठीवर. इंदुताईंनी चिठ्ठी उघडली. प्रेमिला.

आता प्रेमिला म्हणजे कोण, ते सांगायला हवे. दोघी एकाच वर्षी, एकाच गल्लीत नव्या सुना म्हणून आल्या. एकीच्या घरची करंजी दुसरीच्या डब्यात, असे तीस वर्षे चालले. प्रेमिला गायची आणि सगळे चर्च मान वर करून ऐकायचे. तीन वर्षांपूर्वी सगळ्या गायकमंडळासमोर इंदुताई म्हणाल्या, "प्रेमिला, तुझा आवाज आता फाटते. मागे बस." आवाज खरोखरच फाटत होता. म्हणूनच आपले काही चुकले, असे इंदुताईंना कधी वाटले नाही. प्रेमिला मागे गेली ती थेट दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. तेव्हापासून गाणे बंद आणि बोलणेही बंद. ईस्टर झाला की बुटीबोरीला लेकीच्या चर्चमध्ये जाणार, असेही तिने जाहीर केले होते.

इंदुताई पाळकांकडे गेल्या. "ही चिठ्ठी बदलून द्या."

"बदलतो की. पण काहून?"

कारण सांगण्यापेक्षा पाय धुतलेले बरे. चिठ्ठी पर्समध्ये टाकून त्या परत आल्या.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्च भरले. इंदुताई जय्यत तयारीने आल्या होत्या: कोमट पाणी, जंतुनाशकाची बाटली, नवा टॉवेल. प्रेमिला खुर्चीवर बसली होती, नजर समोरच्या क्रूसावर. इंदुताई गुडघ्यांवर बसल्या, पिशवीतून हातमोजे काढले आणि चटचट चढवले. चौतीस वर्षे पेशंटला हात लावायचा म्हणजे आधी हातमोजे; त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते.

प्रेमिलाने पाय मागे घेतला.

"सिस्टर, मले काही रोग नाही झाला."

आजूबाजूच्या घंगाळांत पाय धुणारे हात थांबले. इंदुताईंनी आधी आपल्या हातांकडे पाहिले, मग प्रेमिलाकडे. ती उठायच्या बेतात होती. आता उठली की ती दाराबाहेर, आणि दाराबाहेर म्हणजे कायमची, हे त्यांना कळले. आणि हेही कळले की प्रेमिलाला मागे बसवले तेव्हाही त्यांच्या हातांत हेच मोजे होते, फक्त दिसत नव्हते.

त्या घाईघाईने मोजे ओढू लागल्या. घामेजल्या हाताला चिकटलेले रबर कसले निघते! एक बोट सुटले, चार अडकली. सगळ्या वॉर्डाला शिस्त लावणारी बाई चर्चच्या मधोमध एका मोज्याशी झटापट करत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"चुकलं वं माझं," त्या म्हणाल्या. "हे नाही नुसतं. तेही."

प्रेमिलाने क्षणभर पाहिले. मग खाली वाकून तिने मोज्याचे टोक पकडले आणि तो एका झटक्यात ओढून काढला.

"दुसरा दे," ती म्हणाली.

उघड्या हातांनी इंदुताईंनी तिचे पाय पाण्यात घेतले. टाचांच्या भेगा, वाकडी करंगळी, सगळे ओळखीचे. घोट्यावर अंगठा टेकला तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"कधीपासून सुजून राहिले?"

"महिना झाला असंल. सांगू कोणाले?"

"मले सांग," इंदुताई म्हणाल्या. "उद्या गुड फ्रायडे. शनिवारी सकाळी धंतोलीच्या हॉस्पिटलात. मी येतो सोबत."

पाय पुसून झाल्यावर त्या उठू लागल्या तर प्रेमिलाने त्यांचा दंड धरला. "बस इथं. आता तुझे."

"अवं, तुझ्या चिठ्ठीत माझं नाव नाही!"

"चिठ्ठी गेली खड्ड्यात."

प्रेमिलाला गुडघ्यांवर बसता येत नव्हते. तिने स्टूल ओढले आणि इंदुताईंचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे धुणाऱ्या या बाईचे पाय कोणी असे हातात घेतलेच नव्हते. गुदगुल्या झाल्या. वर्षातल्या सगळ्यात गंभीर उपासनेत इंदुताई पारधे मोठ्याने हसल्या. पाळक सौरव यांनी दचकून पाहिले आणि घाईने घंगाळात तोंड लपवले.

हसता हसता इंदुताईंनी खाली पाहिले. मोठे डॉक्टर राउंडवर येतील म्हणून त्या इतकी वर्षे दाराकडे बघत उभ्या होत्या. प्रभू तर इथे, खाली, त्यांची टाच हातात घेऊन बसले होते. इतके जवळ.

शेवटचे गीत सुरू झाले. तीन वर्षांनी प्रेमिला गायली. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला, आणि सगळ्या चर्चचे डोळे इंदुताईंकडे वळले. इंदुताईंनी तोच सूर धरला, तिच्याहून मोठ्याने आणि तिच्याहून जास्त फाटक्या आवाजात.

"आता दर रविवारी पहिल्या बाकावर जागा धर मले," टॉवेलची घडी घालत प्रेमिला म्हणाली.

घडी वाकडी झाली होती. इंदुताईंनी ती तशीच पिशवीत ठेवली.