भिंतीखालची फट

डेसला पक्षाघात झाला आणि खांबांवर उभं असलेलं जुनं लाकडी घर त्याच्या कामाचं राहिलं नाही. चौदा पायऱ्या तो चढणार कसा? म्हणून त्याच्या बायकोनं, नोरीननं, घराचा आराखडा करायला मला बोलावलं. ब्रिस्बेनमधल्या त्याच उतारावर जमिनीलगत नवं घर, मधे चौक, आणि खाटेवर पडल्यापडल्या वारा लागावा म्हणून डेसची खोली चौकात उघडणारी. पश्चिमेचं ऊन मी भिंतीनं अडवलं. जुन्या घराखालून पावसाचं पाणी निमूट निघून जायचं. आता ते चौकातून जावं म्हणून चौक खोलगट ठेवला, वरच्या आणि खालच्या भिंतीच्या पायथ्याशी वीतभर फट सोडली. या घरातली माझी सगळी हुशारी त्या दोन फटींत होती. डेसची खोली तयार होताच दोघं राहायला आली; बाकीचं घर अजून बांधायचं होतं.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका दुपारी मी आणि गवंडी केल दारांच्या जाळ्या बघायला आलो होतो. आभाळ हिरवट झालं, गारा पडल्या, मग पाऊस कोसळला. वरच्या रस्त्याचं पाणी चौकात घुसलं आणि चौकातच थांबलं.

"ब्रॉनी, अगं, हे जात का नाहीये?" नोरीन ओरडली.

पाणी डेसच्या उंबरठ्याच्या चार बोटं खाली होतं आणि चढत होतं. मी केलकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली, तेव्हा मला आठवलं. खालच्या ओढ्यातून विषारी बेडूक त्या फटीतून चौकात यायचे. एकाला तोंड लावून नोरीनचा कुत्रा मेला होता. मग केलचा फोन आला होता, "खालची फट विटांनी बुजवू का?" मी गाडी चालवत होते. "बुजव, बुजव," म्हणाले आणि विसरले. इतकी मी मूर्ख.

"केल, घण आण!"

"बाजूला हो बाई, पाय मोडून घेशील."

"तू मार, बोलू नकोस!"

विटा हलेनात. पाणी उंबरठ्यावरून आत गेलं.

"नोरीन," डेस अडखळत म्हणाला, "माझी चप्पल... फिरायला निघाली."

कुणी हसलं नाही. आठव्या घावाला भिंत फुटली. पाणी घोंघावत ओढ्याकडे निघालं.

नोरीन पोछा घेऊन केलसमोर उभी राहिली. "कुणी बुजवली रे ती फट? अक्कल गहाण टाकली होतीस?"

केल वाकून फुटक्या विटा गोळा करायला लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही गप्प बसले असते तर खपून गेलं असतं, आणि क्षणभर मला तसं वाटलंही.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्यानं विचारलं. मी विचार न करता हो म्हटलं."

"माहीत आहे. फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच उभी होते. त्याच्यामागे लकडा मीच लावला होता." तिनं पोछा माझ्या हातात दिला. "तू गप्प राहिली असतीस, तर उरलेलं घर दुसरीकडून बांधून घेतलं असतं. पूस आता. डेसच्या खाटेखालून सुरू कर."