निनादसाठी हाडं

सुट्टीला बेटावर जायचं आणि तिथे हाडं शोधत फिरायचं, हा उद्योग फक्त गुप्त्यांच्या घरातच होऊ शकतो. निनाद गुप्ते ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात स्वतःच्याच गॅरेजमध्ये शिडीवरून पडला आणि पाय मोडून बसला. प्लास्टर निघालं, कुबड्या राहिल्या. त्याची आई, प्रमिलाबाई, ठाण्याहून तडक येऊन दाखल झाल्या आणि त्यांनी एकच धोशा लावला: नळीचं सूप! हाड हाडानेच जुळतं म्हणे. सून रुचा हॉस्पिटलात रेडिओग्राफर. तिने हाड जुळल्याचा एक्स-रे दाखवला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "छान फोटो आहे. सूप आहेच ना पण?"

टूवूंबात इंडियन दुकान तरी होतं. सुट्टीला सगळे आले त्या बेटावर मात्र फेरीबोट लागते तिथे एकच स्टोअर, आत मागच्या बाजूला मटणाचा काउंटर. काउंटरवर बार्बेक्यूसाठी सॉसेज, चॉप्स, खिमा, सगळं चकचकीत मांडलेलं. हाड म्हणून औषधालाही नाही. प्रमिलाबाई तिकडे कोथिंबिरीची किंमत वाचून हाय खात होत्या. रुचाने काउंटरवरच्या ग्लेनला हळूच विचारलं, लॅम्बची हाडं मिळतील का?

"फॉर द डॉग, इज इट?" ग्लेनने विचारलं.

मागे पोहण्याच्या कपड्यांतल्या बायकांची रांग होती. रुचा पुण्याची, लग्नाआधी अंडंसुद्धा चोरून खाल्लेली. चारचौघींत हाडं चघळणारी म्हणवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "येस."

ग्लेन कुत्र्यांचा वेडा निघाला. नाव काय त्याचं? आता आली का पंचाईत! खोटं बोलायची सवय नसली की माणूस खोट्यात खरं मिसळतो आणि पुरता अडकतो. "निनाद," रुचा म्हणाली. वर हेही सांगून बसली, की त्याचा पाय मोडलाय.

ग्लेन कळवळला. आतून पिशवीभर नळ्या घेऊन आला, पैसे घेईना.

संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आलं, लसूण, मिरी, चिमूटभर हळद. निनाद दोन वाट्या सूप प्यायला, नळी ताटात ठोकून त्याने मगज ओढला. त्यांच्या लहानग्या लेकीने, ईशानीनेही ओढला. सूप अमृतासारखं झालं होतं, आणि रुचाने अर्धी वाटी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई तिच्याबरोबर काउंटरपाशी आल्या. ग्लेनने लांबूनच विचारलं, "हाऊज निनाद? लेग बेटर?"

प्रमिलाबाई फुलल्या. "बेटर, बेटर! माय सन. वॉकिंग लिट्ल लिट्ल."

ग्लेन जराही दचकला नाही. इथे लोक कुत्र्यांना पोटची पोरंच समजतात. तो रात्री पलंगावर झोपतो का, हे त्याने विचारलं. "येस, येस. सोफा नो गुड फॉर लेग," प्रमिलाबाईंनी सांगितलं. "गुड बॉय!" ग्लेन म्हणाला. चाळिशी ओलांडलेल्या मुलाचं एवढं कौतुक! बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "परका माणूस, पण काय माणुसकी! आपल्याकडचा खाटीक विचारतो का कधी?"

रुचा नुसतं "हो ना" म्हणाली. लग्न होऊन ठाण्याला आली तेव्हा याच बाईंनी तिला पहिल्यांदा मटण वाढलं होतं, हाडं काढून, लहान मुलाला देतात तसं. यांना कळलं तर? त्या ओरडणार नाहीत, गप्प होतील. आणि तेच रुचाला सोसवणारं नव्हतं. सुट्टी संपेपर्यंत झाकली मूठ राहू दे, देवा, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

पण बेट ते केवढं, आणि त्यावर घरं ती किती! शेवटच्या संध्याकाळी सगळे व्हरांड्यात जेवत असताना ग्लेनचा ट्रक दारात थांबला. एका हातात नळ्यांची पिशवी, दुसऱ्यात रबरी चेंडू. "व्हेअर इज द पेशंट?"

निनादने खुर्चीतूनच हात पुढे केला. "हाय! आय अ‍ॅम निनाद."

ग्लेनने त्याच्याकडे पाहिलं. कुबड्यांकडे पाहिलं. ताटातल्या पोकळ नळीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"बट वी डोन्ट हॅव अ डॉग," ईशानी चेंडूकडे बघत म्हणाली आणि तिने नळ्यांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "वी ईट दोज."

"नो वरीज, नो वरीज," असं पुटपुटत ग्लेनने पिशवी ठेवली, चेंडू पोरीला दिला आणि तो गेला. निनादच्या डोक्यात प्रकाश पडला तसा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मी कुत्रा! अगं, पट्टा तरी आणायचास!"

प्रमिलाबाई हसल्या नाहीत. उठून कुकर घासायला लागल्या. रुचा मागोमाग गेली.

"आई, चुकले मी. मला लाज वाटली हो, सगळ्यांसमोर."

"वाटते लाज. त्याचं काही नाही." त्यांनी कुकर पालथा घातला. "मग माझं नाव सांगायचंस. म्हातारी कुत्री आहे घरात, म्हणायचंस. दुखण्यातून उठणाऱ्या लेकराचं नाव कुत्र्याला देतात का गं?"

रुचाला रडू फुटलं. प्रमिलाबाईंनी तिच्या हातात फडकं दिलं आणि त्या झोपायला गेल्या.

सकाळी फेरीच्या आधी रुचा स्टोअरमध्ये गेली. प्रमिलाबाई मागोमाग आल्या. रांग होतीच. रुचाने नंबर येऊ दिला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, हाडं हवीत. नवऱ्यासाठी. सासूबाई सूप करतात, आम्ही सगळे खातो, मीसुद्धा.

रांगेतल्या कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

ग्लेनने नळ्या काट्यावर ठेवल्या, वजन केलं, पिशवीवर किमतीचं लेबल चिकटवलं आणि पिशवी पुढे सरकवली.

"बघतेस काय, दे त्याला पैसे," मागून प्रमिलाबाईंचा आवाज आला. कालपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "आता कुठे माझा लेक माणसात आला."